बाहेरून कडी

३ एप्रिल

विशालला आज मीच पोलीस ठाण्यात घेऊन गेलो. हे लिहून ठेवतो, कारण उद्या लता म्हणेल की पोलिसांनी त्याला उचललं. उचललं नाही. तो हजर झाला. उचलणं, हजर होणं, ताब्यात असणं, अटक होणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हे फरक सांभाळण्यातच माझी नोकरी गेली. मी सत्र न्यायालयात भाषांतरकार होतो.

घडलं ते असं. विशाल घाटकोपरला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. उरलेल्या वेळात गोवंडीला, विहारामागच्या पत्र्याच्या खोलीत, मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. परवा सुटी म्हणून तो दुपारीच तिथे गेला होता. समोरच्या रस्त्यावर कचऱ्याच्या ट्रकने एका बाईला उडवलं. लोकांनी ट्रक अडवला, ड्रायव्हरला खाली ओढलं. विशालने त्याला लोकांच्या हातातून सोडवून अभ्यासिकेत नेलं, बाहेरून कडी लावली आणि बाईला रिक्षात घालून हॉस्पिटलात गेला. बाई वाचली. तो परत आला तेव्हा पोलिसांनी खोली उघडली होती आणि आत ड्रायव्हर मेलेला होता. हृदय बंद पडलं म्हणतात. रतन नाव, मानखुर्दचा. विशाल घाबरला आणि पळाला. कुर्ल्याला मिथुनच्या खोलीवर जाऊन बसला. मिथुन त्याच्याच लॅबमधला.

मी आज सकाळी तिथे गेलो. निघताना लताने घराच्या दारात माझी पिशवी धरून ठेवली होती.

"अहो, नका नेऊ त्याला. आधी वकील बघा."

"वकील गुन्हेगाराला लागतो."

"सगळ्यांना लागतो. तुम्ही कोर्टात काय बघितलं मग?"

मी तिला म्हणालो, पोलीस दिसले की पळायचं हे माझ्या आज्यापर्यंत झालं. वाशिमला, गावकुसाबाहेर. तिथे ते संपलं. आपला मुलगा लपून बसणार नाही.

ठाण्यात मला खुर्ची दिली. निरीक्षक तरुण आहे, बोलायला नम्र. मी कोण ते कळल्यावर म्हणाला, "साहेब, मग आमच्या हवालदाराचं मराठी कशाला? तुम्हीच सांगा, मुलगा लिहील. त्याच्या हातचा खुलासा राहिला की आमचं पण काम सोपं."

मी सांगितलं, विशालने लिहिलं. त्याचं अक्षर चांगलं आहे. तो फार पाल्हाळ लावत होता. पंखा लावून दिला, पाण्याची बाटली दिली, आतली कडी कधीपासून तुटली आहे, खोली ज्या मंडळाची त्यांना किती वेळा सांगितलं. मी ते काढायला लावलं. मंडळाच्या तक्रारी खुलाशात नकोत. खुलासा सुटसुटीत असला की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. शेवटी एक पान झालं. मी वाचून दाखवलं. विशाल माझ्याकडे बघत राहिला. बहुतेक दमला होता. मग सही केली.

त्याला तिथेच बसवून घेतलं आहे. चौकशी आहे, अटक नाही. सकाळी सोडतील.

४ एप्रिल

अटक.

६ एप्रिल

परवा पुढे लिहिणं झालं नाही. त्याला कोर्टात उभं केलं, पोलीस कोठडी मिळाली. सदोष मनुष्यवध. गैर परिरोध. हा दुसरा शब्द मी शेकडो वेळा लिहिला आहे. माणसाला एखाद्या जागेतून बाहेर पडता येऊ नये असं करणं. नुसता रस्ता अडवला तर गैर निरोध, चारी बाजू बंद केल्या तर गैर परिरोध. नवीन भाषांतरकार यात नेहमी चुकत. मी त्यांना ओरडायचो.

लताने डबा केला. भाकरी, वांग्याची भाजी, लसणाची चटणी. ठाण्यात घेतला नाही. ती डबा मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिली. मी निरीक्षकाला भेटायला गेलो तर साहेब बंदोबस्ताला गेलेत म्हणाले. काचेच्या दारातून मला ते फोनवर बोलताना दिसत होते.

मजल्यावरचा राजेश संध्याकाळी आला. त्याचं घर देवगडकडचं, वडील गिरणीत होते. आईचं ऐकून ऐकून शिकलेला, चिडला की मालवणीत शिरतो.

"काका, तुमी स्वतः नेलात? खराच?"

"हजर झाला की कोर्टात चांगलं दिसतं, राजेश."

"चाय पाजल्यानी ना तुमका? माज्या मामाक पण पाजलेली. मागसून दोन वर्सा आत." मग माझा चेहरा बघून मराठीवर आला. "तसं नाही होणार हो तुमचं. तुम्ही कोर्टातले."

लता आतून म्हणाली, "हो ना. आम्ही कोर्टातले."

९ एप्रिल

पोलीस कोठडी संपली. आता न्यायालयीन कोठडी. म्हणजे तुरुंग. लोकांना वाटतं पोलीस कोठडीतून न्यायालयीन कोठडीत गेला म्हणजे जास्त अडकला. उलट आहे. आता पोलीस त्याच्यावर हात टाकू शकत नाहीत. मी लताला हे समजावून सांगितलं.

"म्हणजे आत्तापर्यंत टाकला?" तिने विचारलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात तो आमच्या जवळून गेला. मी पाहिलं, तो डावा पाय जपून टाकत होता. लताला सांगितलं, बसून बसून पाय अवघडला असेल.

१० एप्रिल

वकील केली. सुलक्षणाबाई. कुर्ल्याला, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर बसतात. पन्नाशीच्या आहेत, माझी भाषांतरं त्यांनी वाचलेली आहेत. मला बरं वाटलं.

खुलाशाची प्रत त्यांनी दोनदा वाचली. चष्मा काढला.

"हे कोणी लिहिलं?"

"विशालनेच. त्याचं अक्षर आहे."

"अक्षर दिसतंय मला. 'सदर चालकास मी अभ्यासिकेच्या खोलीत नेले व बाहेरून कडी लावून बंद केले.' हे अठ्ठावीस वर्षांचा मुलगा बोलतो?"

मी म्हणालो, मी थोडी मदत केली. भाषेपुरती.

त्यांनी खिडकीतून खाली बघून पोराला चहा सांगितला. मग म्हणाल्या, पोलिसांसमोर दिलेली कबुली खटल्यात टिकत नाही. मी म्हणालो, ते मला माहीत आहे, आणि ही कबुली नव्हे, खुलासा आहे.

"अंबादासराव, जामिनाच्या वेळी जज्ज फाइल चाळतात. समोर जे येतं ते वाचतात. त्या वेळी कबुली की खुलासा हे कोण बघणार?"

जाताना त्यांनी विचारलं, त्याने आणखी काय सांगितलं होतं? मी म्हणालो, महत्त्वाचं सगळं यात आलं आहे.

१४ एप्रिल

जयंती. दर वर्षी आज विशाल गोवंडीला असतो, पहाटेपासून. मुलांचं भाषण, मग खीर. या वर्षी अभ्यासिकेला पोलिसांचं सील आहे. मुलांनी रस्त्यावर सतरंजी टाकली, असं मिथुनने सांगितलं. तो निळं उपरणं घालूनच घरी आला. लताच्या पाया पडला. मला जयभीम केला, पण पाया पडला नाही.

लताने विचारलं, त्या रात्री विशाल तुला काय म्हणाला रे?

मिथुनला बोलताना थांबता येत नाही. तो बोलत गेला. ड्रायव्हर थरथरत होता. विशालने त्याला खाली बसवलं. स्वतःची पाण्याची बाटली दिली. टेबलफॅन होता तो त्याच्या तोंडासमोर ठेवून चालू केला. आतली कडी तुटलेली होती, म्हणून बाहेरची लावावी लागली, नाहीतर लोक ढकलून आत आले असते. ड्रायव्हरला म्हणाला, काका, मी त्या ताईंना सोडून येतो, कोण पण हाक मारली तरी ओ देऊ नका. ड्रायव्हरने त्याचा हात धरला होता. मागून कोणीतरी वस्तीची लाइट घालवली, ट्रक जाळायचा होता म्हणून. फॅन बंद झाला. एप्रिलचा पत्रा.

"आतली कडी मी बघितलीय काकू. नुसती खिट्टी लोंबते. पोरं त्यात वही अडकवतात."

लता माझ्याकडे वळली. "हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"त्याने सांगितलं होतं."

"मग लिहिलं का नाही?"

मी म्हणालो, खुलाशात घटनाक्रम असतो. कोणी काय केलं, कुठे, कशाने. बाकीचं अप्रस्तुत.

"फॅन अप्रस्तुत?"

"लता, तुला त्यातलं कळत नाही."

"नाही कळत. मला एवढं कळतं की त्याने माणसाला सांभाळून ठेवलं होतं. आणि तुम्ही लिहिलंत, बंद केलं."

मिथुन उठून गॅलरीत गेला. खीर केलीच नव्हती, त्यामुळे त्याला साखर हातावर दिली.

१५ एप्रिल

ती बरोबर बोलत नाही. बंद केलंच होतं त्याने. कडी बाहेरून लावली म्हणजे आतला माणूस बंद होतो. मी खोटं काहीही लिहिलेलं नाही. एक शब्द दाखवा.

१६ एप्रिल

सुलक्षणाबाईंना फोन करून पंखा, पाणी आणि आतल्या कडीचं सांगितलं.  

म्हणाल्या, "हे आज सांगताय?"

खोलीला सील आहे. कडी अजून तशीच आहे की कोणी बदलली, कोणाला ठाऊक. पंचनाम्यात आतल्या कडीचा उल्लेख नाही. मंडळाचे अध्यक्ष म्हणतात, आमच्याकडे कसलीही तक्रार आली नव्हती. त्यांनाही मुलंबाळं आहेत.

मी विचारलं, मिथुनची साक्ष?

"मित्राची. ऐकीव. आणि आरोपी फरार असताना ज्याने लपवलं त्याची." मग थोड्या मऊ आवाजात, "बघते मी."

२२ एप्रिल

जामीन नामंजूर.

कोर्ट ओळखीचं होतं. पंखेही तेच. मी मागच्या बाकावर बसलो होतो. पूर्वी कधी तिथे बसलो नव्हतो. तिथून न्यायाधीशांचा फक्त चेहरा दिसतो, हात दिसत नाहीत.

सुलक्षणाबाईंनी जीव तोडून सांगितलं. मुलाने माणूस वाचवायला आत नेला, पंखा लावला, आतली कडी नव्हती. सरकारी वकील उठले. फार बोलले नाहीत. म्हणाले, हे सगळं आज ऐकतोय. आरोपी स्वतःहून हजर झाला, स्वतःच्या हाताने लिहून दिलं, शेजारी त्याचे वडील होते, जे याच न्यायालयात भाषांतरकार होते. दबावाचा प्रश्नच नाही. त्यात पंख्याचा उल्लेख कुठे आहे?

न्यायाधीशांनी पान काढलं. मोठ्याने वाचलं. "बाहेरून कडी लावून बंद केले." परत एकदा, मनाशी. मग म्हणाले, "भाषा अगदी स्पष्ट आहे."

नोकरीत हे वाक्य मला एकदाच ऐकायला मिळालं होतं, निवृत्तीच्या समारंभात.

विशाल मागे पोलिसांच्या मध्ये उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. न्यायाधीश वाचत होते तेव्हा त्याचे ओठ हलत होते. त्याला ते पाठ झालं आहे.

२३ एप्रिल

लता भिंतीकडे तोंड करून झोपली आहे. चहा ठेवला, तो निवला. दुसरा केला.

२५ एप्रिल

अजून बोलत नाही. शुभाताई, म्हणजे राजेशची आई, येऊन तिच्या केसांना तेल लावून गेली. त्या दोघी कुजबुजत होत्या. म्हणजे बोलते. माझ्याशी नाही.

मी शब्द शोधत बसतो. सवय आहे. अटकाव. प्रतिबंध. स्थानबद्ध. नजरकैद. ताबा. कोठडी. डांबणे. कोंडणे. रोखून धरणे. खोळंबा. थांबवून ठेवणे. ठाण्याकडे जाताना विशालने रिक्षात मला सांगितलं तेव्हा त्याने यातला एकही शब्द वापरला नव्हता.

काय वापरला होता ते आठवायला मला सकाळ गेली. "मी त्यांना आत घेतलं." असं म्हणाला होता. पाऊस आला की बाहेरच्याला आत घेतो, तसं.

मी ते ऐकलं होतं. ठाण्यात पोचेपर्यंत मनात भाषांतर करून टाकलं.

२८ एप्रिल

सुलक्षणाबाईंकडे गेलो. म्हणालो, मला प्रतिज्ञापत्र द्यायचं आहे. खुलाशाची भाषा माझी आहे. मुलगा जे सांगत होता ते मी गाळलं. मी सांगितलं तेवढंच त्याने लिहिलं.

"का गाळलं, असं विचारतील."

"मला ते अनावश्यक वाटलं."

"कोर्टात उभं राहून हे म्हणाल?"

"हो."

"सरकारी वकील म्हणतील, बाप आता मुलाला वाचवायला गोष्ट रचतोय. आधी एक लिहून घेतलं, आता दुसरं. आणि कदाचित तुमच्यावरच काढतील. इतकी वर्षं हा माणूस असंच करत होता का, म्हणून."

हे माझ्या मनात आलं नव्हतं. मी खुर्चीत बसलो. आधी उभाच होतो.

इतकी वर्षं. साक्षीदार रडायचे, मध्येच गावच्या बैलाचं सांगायचे, आईच्या आजाराचं सांगायचे. मी त्यांचं नीट करून द्यायचो. साक्षीदार रडला असं कधी लिहिलं नाही. कोणी विचारलं नाही. उलट म्हणायचे, अंबादासकडून आलेला कागद वाचायला सोपा असतो.

"लिहा," मी म्हणालो.

"तुम्हीच लिहून आणा," त्या म्हणाल्या. "पण अंबादासराव, या वेळी चांगलं लिहू नका."

२९ एप्रिल

चार कागद फाडले. प्रत्येक वेळी 'सदर' येतो. 'तदनंतर' येतो. हात तसाच चालतो.

शेवटी लताला उठवलं. म्हणालो, मी बोलतो, तू लिही. तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. सातवी पास, लिहिताना ओठ हलतात. मी रिक्षातलं आठवून आठवून सांगितलं. मला वाटेल तिथे ती थांबली नाही, तिला वाटेल तिथे थांबली. एका जागी म्हणाली, "'आत घेतलं' पुढे काय?"

"पुढे रिक्षावाल्याने डावीकडे वळवली. आणि विशाल म्हणाला, बाबा, माझ्या हाताला अजून त्याच्या घामाचा वास येतोय."

"लिहू?"

"लिही."

तिने लिहिलं. मग पेन ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता.

२ मे

प्रतिज्ञापत्र दाखल. उच्च न्यायालयात अर्ज केला आहे. तारीख मिळाली नाही. आता कोर्टाची सुटी. जूनमध्ये बघू, सुलक्षणाबाई म्हणाल्या.

राजेश म्हणाला, काका, डेरिंग केलात. मला ते आवडलं नाही. आवडलं, असं लिहायला हवं. आवडलं.

५ मे

तुरुंगात विशालची मुलाखत. आधी नाव नोंदवून, मग ताटकळून, शेवटी आत. एका वेळी एकालाच. लता म्हणाली, तुम्ही जा आधी. तुम्हाला सांगायचं आहे ना.

मध्ये जाड काच. दोन्ही बाजूंना फोन. विशाल बारीक झाला आहे. केस कापले आहेत, कान मोठे दिसतात. शाळेत होता तसे.

मी सगळं सांगितलं. ते वाक्य माझं होतं, हे मी लिहून दिलं. तू सांगितलेलं सगळं आता कागदावर आलं आहे. पंखा, पाणी, आतली कडी. तो ऐकत होता. मला वाटलं आनंद होईल.

म्हणाला, "फॅन मी लावला होता?"

"अरे, लावला होतास. तूच सांगितलंस मला, रिक्षात."

"हं."

"मिथुनलाही सांगितलंस."

"सांगितलं असेल, बाबा. मला आता ते दिसत नाही. मी रोज रात्री आठवतो. खोलीत नेले, बाहेरून कडी लावून बंद केले. एवढंच येतं. तिथून पुढे त्याने आतून हाका मारल्या असतील, त्या येतात. मी ऐकल्या नाहीत तरी येतात."

"विशाल, तू त्याचा जीव वाचवायला..."

"तुम्ही तिथे नव्हतात, बाबा."

रागाने म्हणाला नाही. त्याच्या लहानपणी मी एखादं वाक्य चुकीचं वाचलं तर तो जसं सांगायचा तसं म्हणाला.

मग फोन बंद झाला. तिथे सांगून बंद करत नाहीत. विशालला ते कळलं नसावं, कारण तो बोलतच होता. बराच वेळ. हात हलवून काहीतरी दाखवत होता, उंची किंवा लांबी. काचेतून मला त्याचे ओठ दिसत होते. मागच्या शिपायाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो थांबला.

बाहेर लता उन्हात उभी होती. वेळ संपली होती, तिला आत सोडलं नाही. तिने माझा शर्ट धरला.

"काय म्हणाला?"

मला अंदाज करता आला असता. तीन-चार वाक्यं सहज बसली असती त्या ओठांना, आणि तिला त्यातलं कुठलंही पुरलं असतं.

म्हणालो, "शेवटचं मला ऐकू आलं नाही."